वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन जुन्या रायफली: या नेमक्या काय आहेत आणि किंमत कशी काढायची?

बाईंचा_वर्ग

नमस्कार. मी सोलापुरात राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. बंदुकीतलं मला काही कळत नाही, म्हणून जे डोळ्यांना दिसलं तेच लिहिते.

आमचं गाव बार्शी तालुक्यात, पूर्वीच्या निजाम हद्दीला लागून. दोन महिन्यांपूर्वी वडील गेले. त्यांच्या परवान्यावर दोन रायफली होत्या, दोन्ही आजोबांपासून आलेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि भावानं त्या सोलापुरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केल्या, पावती घेतली. त्याआधी खिडकीपाशी सतरंजी टाकून मी दोन्हींचे फोटो काढून ठेवले. ते बघूनच हे लिहितेय.

पहिली एकनळी, बोल्टची. नळीवर कलकत्त्याच्या मँटन कंपनीचं नाव कोरलेलं आहे, त्यामुळे घरात तिला सगळे 'कलकत्तेवाली' म्हणायचे. त्याच्या मागे .३१८ असा आकडा. बोल्टच्या पुढच्या भागावर बारीक अक्षरांत 'वाफेनफाब्रिक माउझर, ओबर्नडॉर्फ'. नळीच्या मुळाशी तीन छोटे मुकुट आणि त्यांच्याखाली इंग्रजीत बीव्ही, बीपी, एनपी. दस्त्याच्या खालच्या टोकाला बोटभर चीर गेलीय.

दुसरी दुनळी, बाहेर दोन घोडे. चापाच्या कडीखाली एक लांब दांडा आहे, तो बाजूला फिरवला की नळ्या पुढे मोडतात. नळ्यांवर '.५०० एक्सप्रेस'. खालून बघितलं तर मुकुट, त्याखाली एकमेकांवर फुली मारल्यासारखे दोन दंड आणि त्यांच्या अवतीभोवती बी, पी, सी. रंग आता करडा, मधेमधे तपकिरी.

विक्रेता म्हणतो, याची काडतुसं कुठेच मिळत नाहीत, दोन्ही मिळून चाळीस हजार देतो. नाहीतर त्याच्या ओळखीच्या माणसाकडून पॉलिश आणि काळा रंग करून घ्या, मग जरा बरे पैसे येतील. भावाच्या परवान्यावर आधीच दोन शस्त्रं आहेत, त्यामुळे त्याला विकायचं आहे. चुलतभावानं लंडनच्या एका लिलावाचं पान पाठवलंय, त्यात अशाच दिसणाऱ्या दुनळीची किंमत वाचून घरात सगळे अस्वस्थ झालेत.

आणखी दोन गोष्टी. मागच्या रविवारी वाड्यातल्या माळ्यावर बिस्किटाच्या जुन्या डब्यात अकरा काडतुसं सापडली, हिरवी पडलेली. आणि ओसरीवर काळविटाच्या शिंगांच्या दोन जोड्या टांगलेल्या आहेत.

१९४८ साली रझाकारांच्या भीतीनं गाव रात्र रात्र जागायचं, तेव्हा आजोबा 'कलकत्तेवाली' घेऊन वेशीवर बसायचे, असं आजीनं मला सांगितलंय. म्हणून चाळीस हजार ऐकल्यावर मला रडू आलं. योग्य किंमत काय, हे मला समजून घ्यायचं आहे. विकायचं की नाही ते त्यानंतर.

---

पार्कचौक७२

ताई, चाळीस हजारांत मुळीच देऊ नका. दुनळी रायफलला परदेशात प्रचंड मागणी आहे, कुणी एजंट गाठून लंडनला पाठवता येते का बघा. नाहीतर नळीला भोक पाडून भिंतीवर लावा. शंभर वर्षं जुन्या शस्त्राला परवाना लागत नाही असं ऐकलंय.

---

दुनळीवाले_काका

ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. वरच्या भावाचा हेतू चांगला आहे, पण त्यानं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी करू नका. का ते ओघात सांगतो.

आधी उद्या सकाळचं काम. डब्यातली अकरा काडतुसं. वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला, आणि काडतूससुद्धा परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. भावाचा परवाना त्याच्या शस्त्रांच्या बोअरपुरता, म्हणजे नळीच्या मापापुरता, तो इथं चालत नाही. गाव ज्या ठाण्याच्या हद्दीत येतं तिथं आधी फोन करा. माळा आवरताना सापडली, जमा करायची आहेत, असा दोन ओळींचा अर्ज द्या, बुडावरचे आकडे लिहून मोजून पावती घ्या. तोवर डबा उन्हात ठेवू नका, काडतुसं घासून पुसू नका. आणि गावातला कुणी हौशी 'एक बार काढून बघू' म्हणाला तर त्याला घराबाहेर काढा. जुन्या पितळेला बारीक तडे जातात, ते वरून दिसत नाहीत.

आता रंगाचं. माझ्या वडिलांचं सोलापुरात बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. मी सोळाव्या वर्षी त्या पाटावर बसलो आणि चौसष्टाव्या वर्षी उठलो. त्या अनुभवावरून हात जोडून सांगतो, त्या रायफलींना कुणालाही पॉलिश लावू देऊ नका. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डाकानं जोडलेल्या असतात. आजकालचा झटपट काळा रंग कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात बुडवून करतात. त्या पाण्यात डाक खाल्ला जातो. जुना रंग वेगळा होता: नळीवर हलका गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. आठ-दहा दिवस एक माणूस तेच करत बसायचा. नळदुर्गकडचा एक गिऱ्हाईक एकदा आमच्याकडे दुनळी घेऊन आला. दुसऱ्या गावात 'चकाचक' करून आणलेली. पट्टी मधूनच उठलेली, तिच्या खालून तांबडं पाणी पाझरत होतं, आणि कारागिराचं नाव बफच्या चाकाखाली इतकं पुसट झालेलं की वडिलांनी दिवा तिरपा धरून वाचायचा प्रयत्न केला आणि शेवटी न वाचताच खाली ठेवली. चांगल्या घरची वस्तू होती. तो माणूस विचारत होता, आता किती येतील? वडिलांनी त्याला चहा पाजला आणि काहीच सांगितलं नाही.

तुमच्या फोटोत दिसणारा करडा-तपकिरी रंग हा त्या रायफलीचा स्वतःचा आहे. जाणता माणूस त्याचेच पैसे देतो.

आता 'कलकत्तेवाली'. ती कलकत्त्याची नाही, ताई. मँटन, रॉडा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची दुकानं. मुंबईला काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्हीचं दुकान होतं, ती इमारत अजून उभी आहे. ही मंडळी बऱ्याचदा माल विलायतेतून बनवून घ्यायची आणि नळीवर आपलं नाव घालायची. नळीवर मोठ्या अक्षरांत दुकान असतं आणि खाली बारीक शिक्क्यांत खरी जन्मकुंडली. मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्या तपासून पास करणाऱ्या विलायती संस्थेचे शिक्के, १९०४ पासूनचे. एनपी म्हणजे नायट्रो, बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. ओबर्नडॉर्फ म्हणजे बोल्ट आणि त्याचं घर जर्मनीतल्या माउझरच्या कारखान्यातलं. आणि .३१८ हे काडतूस वेस्टली रिचर्ड्स या विलायती बंदूक कंपनीनं १९१० मध्ये आणलं, २५० ग्रेन वजनाची लांब गोळी. त्यांच्याशिवाय इतरांनीही त्या बोअरच्या रायफली भरपूर बनवल्या. म्हणजे तुमची रायफल १९१० च्या आधीची असूच शकत नाही. जर्मन हाड, बर्मिंगहॅमची परीक्षा, कलकत्त्याचं नाव आणि बार्शीची वेस. मला तर ही ओळख 'कलकत्तेवाली'पेक्षा मोठी वाटते.

दुनळीच्या शिक्क्याचं वर्णन तुम्ही फार नीट केलंत. मुकुट, फुलीतले राजदंड आणि बीपीसी हासुद्धा बर्मिंगहॅमचाच, पण १९०४ च्या आधीचा. एनपी तुम्हाला कुठे दिसला नाही, म्हणजे ही काळ्या दारूची रायफल. खालचा दांडा आणि बाहेरचे घोडे याच्याशी जुळतात. इथं एक धोका मोठ्या अक्षरांत लिहून त्या रायफलीच्या कागदांना जोडा. तीन इंची काळ्या दारूचं .५०० आणि नंतर आलेलं तीन इंची नायट्रो .५०० यांची पितळी नळकांडी एकाच मापाची आहेत. नायट्रोचं काडतूस या रायफलीत सहज बसेल. दाब मात्र तिला कधीच न दाखवलेला असेल. हे न कळून लोकांनी बोटं गमावली आहेत.

लंडनचं पान. दुनळी शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे हे शिक्क्यावरूनच दिसतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षं झालेली अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा तो आकडा तुमच्यासाठी नाहीच. त्यानं घरातली शांतता घालवू नका.

आणि परवाना. जुनं झालं म्हणून सूट मिळत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट अशा जुन्या शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनही चालू शकत नाही. तुमच्या दोन्ही चालू शकतात. नळीला भोक पाडायचा विचार कुणी बोलून दाखवला तरी माझ्या पोटात गोळा येतो. परवाना अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाशिवाय शस्त्रात असा बदल करायचा नसतो, आणि एकदा पाडलेलं भोक परत भरत नाही.

मग इथली किंमत ठरते कशी? ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाली, त्यामुळे इथं आधीपासून असलेल्या विलायती मालाला भाव चढला. पण तो चढला जास्त करून रिव्हॉल्व्हरला. रायफलीत गिऱ्हाईक आधी विचारतो, काडतूस मिळेल का? आपल्या आयुध कारखान्यांचं .३१५ आणि .३०-०६ मिळतं, .३१८ मिळत नाही. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आली, आणि वारसाहक्काची शस्त्रंही त्या दोनातच धरली जातात. ज्याच्याकडे दोनच जागा आहेत तो एक रिव्हॉल्व्हरला देतो, एक बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीला. आजोबांची रायफल दुकानाच्या मागच्या खोलीत जाते. कितीतरी घरांचं हेच झालंय. विक्रेत्यांना हे ठाऊक आहे, त्यातून चाळीस हजार येतात.

तो आकडा रास्त की नाही ते नळ्या बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण त्यानं नळ्या काढून बघितल्या का, हे त्याला विचारा. बोल्ट काढून मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरायचा आणि पुढून बघायचं. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या वळत जाणाऱ्या रेघा, धारदार आणि लखलखीत असतील तर गोष्ट वेगळी. आतून देवीचे वण असल्यासारखं दिसलं तर वेगळी. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत क्लोरेट असायचं, बार झाल्यावर त्यातून एक मीठ नळीत राहतं आणि हवेतला ओलावा ओढतं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून माझे वडील शिकारीहून आलेल्या बंदुकीत आधी किटलीतून कढत पाणी ओतायचे. तांब्याचं लांब नसराळं होतं, नळी न्हाणीच्या कोपऱ्यात उभी करायची, खालून आधी काळं पाणी, मग राखाडी, मग स्वच्छ. नळी हातात धरवणार नाही इतकी तापली की स्वतःच्या उष्णतेनं कोरडी व्हायची, मग कापडाच्या चिंध्या आणि सगळ्यात शेवटी तेल. आजोबांना कुणी हे सांगितलं होतं की नाही, ते तुम्हाला आटे सांगतील.

दुनळीची परीक्षा कानानं करायची. लाकूड काढून नळ्यांची जोडी दोरीनं खालच्या हुकाला टांगायची आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. डाक शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. कुठे सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारखा. हे जमा असलेल्या ठिकाणीच, विक्रेत्याच्या हातून करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: आजोबांची जुनी परवाना पुस्तिका शोधा.

---

जुनी_पानं

काकांनी सगळं सांगितलंय, पण पुस्तिकेचा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे म्हणून भर घालतो. मी संग्राहक नाही, शस्त्रांच्या कागदपत्रांचा अभ्यास करतो.

कागद असला की साधी रायफल वेगळी होते. शिकारी जिम कॉर्बेटची रिगबी या विलायती कंपनीची .२७५ रायफल हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. तशीच बोल्टची, त्या काळच्या इतर रिगबींसारखी. पण चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये ती भेट दिली गेली असं दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर लिहिलेलं आहे, आणि तिची सगळी किंमत त्या पट्टीत आहे.

नळीवरचा दुकानाचा पत्ताही काळ सांगतो. रिगबीवर ७२ सेंट जेम्स स्ट्रीट असेल तर ती जुनी, ४३ सॅकव्हिल स्ट्रीट असेल तर नंतरची. आणि कुणाकडे .४५० बोअरची दुनळी असेल तर तिची कुंडली जास्त बारकाईनं बघावी, कारण १९०७ मध्ये सरकारनं हिंदुस्थानात .४५० ची आयात बंद केली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना ती काडतुसं उपयोगी पडतील ही भीती होती. .४७० आणि .४६५ ही मापं त्या बंदीमुळे जन्माला आली. ताईंची .५०० त्या बंदीत येत नाही.

---

नान्नजकर

मी शिंगांबद्दल लिहितो, कारण त्यात तारखेचा प्रश्न आहे.

काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. घरातली जुनी शिंगं ठेवायला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांनी आधी नोंद केली नव्हती त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत मिळाली होती. वडिलांच्या कागदांत वन विभागाचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. असेल, तर वारसा आल्यापासून ९० दिवसांच्या आत तुम्ही तसं मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं. दोन महिने झालेत म्हणता, म्हणजे अजून वेळ आहे. प्रमाणपत्र नसेल तर शिंगं विकू नका, कुणाला देऊ नका, सोलापूरच्या वन कार्यालयात जाऊन स्वतः सांगा.

दुसरं, रायफलींशी संबंधित. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे नाव नोंदवावं लागतं. आमचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तेव्हा ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, आता १,२२२ वर आलंय, त्यामुळे हद्द बदललेली आहे. सोलापूर-बार्शी रस्त्यावर तुमचं गाव नेमकं कुठे येतं ते नकाशावर बघून घ्या. मी लहानपणी माळावर माळढोक बघितलाय, मान वर करून चालणारा. आता वर्षानुवर्षं दिसत नाही. ओसरीवरच्या शिंगांची नोंद नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं, ती त्या माळाचीच असणार.

---

बाईंचा_वर्ग

काका, काडतुसं जमा झाली, पावती मिळाली. ठाण्यातल्या हवालदारांनी प्रत्येकाचं बूड भिंगातून बघून आकडा लिहिला. नऊ .३१८ ची आणि दोन कुठली ते त्यांनाही वाचता आलं नाही.

वडिलांच्या लोखंडी पेटीत आजोबांची परवाना पुस्तिका सापडली. १९४१ ची पहिली नोंद. कापडी पाठ, आतून वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. .३१८ समोर क्रमांक आहे आणि 'जी. आय. पी. रेल्वेच्या अधिकाऱ्याकडून खरेदी' असं कुणीतरी शाईनं लिहिलंय. प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा शिक्का. १९४८ च्या शिक्क्याशेजारी आजोबांची सही थोडी थरथरलेली वाटते, पण ते माझ्या मनातलं असेल. शिंगांचं प्रमाणपत्रही त्याच पेटीत होतं, त्यामुळे नान्नजकरांचे विशेष आभार, अर्ज आज टाकला.

विक्रेत्याकडे गेले. तो आधी नाराज झाला, मग बोल्ट काढून दिला. कागद धरून मी आत बघितलं. काका, आत गोल गोल वळत जाणाऱ्या रेघा आहेत, स्वच्छ, फक्त तोंडापासून वीतभर आत काळे ठिपके. दुनळी त्यानं टांगून दिली नाही, म्हणाला असलं काही नसतं.

आता मला प्रश्न पडलाय. विकायची नाही असं मन म्हणतं. पण भावाची मर्यादा भरलेली. मग ती कायमची दुकानातच राहणार का?

---

दुनळीवाले_काका

वीतभर ठिपके आणि बाकी आटे स्वच्छ, हे ऐकून बरं वाटलं. शंभरीच्या आसपासच्या नळीला एवढं असतंच. आजोबांनी पाणी ओतलेलं दिसतंय, एखाददुसऱ्या वेळी राहून गेलं असेल.

ताई, तुम्ही पूर्ण धाग्यात भावाची मर्यादा मोजताय. तुमच्या नावावर किती शस्त्रं आहेत? एकही नाही. तुमच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत आणि रायफली दोन आहेत. वारस म्हणून तुम्ही स्वतः अर्ज करा. मुलीचा वारसा मुलाइतकाच. आमच्या दुकानात माझ्या आठवणीत तीन बायका परवानाधारक होत्या. त्यातली एक बारा बोअर स्वतः उघडून तेल घालायची, आमच्या पोरांपेक्षा नीट.

कागद असे लागतील: वडिलांचा मृत्यू दाखला, त्यांचा मूळ परवाना, त्यावर यूआयएन (परवान्याचा देशपातळीवरचा नोंदणी क्रमांक) असेल ती नोंद, जमा पावती, आणि आई-भावाचं ना-हरकत पत्र. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागेल. घाबरू नका, शाळेतल्या चाळीस पोरांना सांभाळणाऱ्या बाईला ते जड नाही. तुमचा पत्ता शहरातला असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, गावचा दाखवलात तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. दोन्हीकडे पाय ठेवू नका, त्यात महिने जातात. वडील हयात असताना हे जास्त सोपं होतं. परवानाधारक सत्तरीला आला किंवा २५ वर्षं शस्त्र बाळगून झाली की तो हयातीतच वारसाच्या नावानं करून देऊ शकतो. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी म्हातारे परवानाधारक आहेत त्यांनी हे या आठवड्यातच बोलून घ्यावं.

परवाना येईपर्यंत रायफली जमा राहतील. तिथली एक काळजी सांगतो. आमच्या घरची एक बारा बोअर निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केली होती, कापडी पिशवीसकट. पावसाळा मधे आला, हुकूम लांबला. परत मिळाली तेव्हा पिशवीची शिवण नळीवर जशीच्या तशी उमटलेली होती, गंजाच्या रेघेत. वडिलांनी ती रेघ कधी काढली नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तीवर बोट ठेवून दाखवायचे आणि म्हणायचे, पिशवीतून काढून ठेवा. म्हणून तुम्ही विक्रेत्याला लेखी सांगा: कव्हर काढून ठेवायची, आतबाहेर तेलाचा हात, दर दोन महिन्यांनी तुमच्यासमोर पुन्हा. पावतीवर क्रमांकाबरोबर अवस्थाही लिहून घ्या, 'दस्त्याला चीर, रंग मूळचा' असं. चिरीत फेव्हिकॉल भरू देऊ नका. लाकडाला खोबरेल लावू नका, त्याला जवसाचं तेल लागतं, थेंब थेंब, तळहाताच्या उबेनं चोळून. ते पुढे मी दाखवीन.

पुस्तिकेबद्दल. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरतो. साध्या कागदात गुंडाळा. प्रत्येक पानाचा फोटो काढा. रेल्वे अधिकाऱ्याची ती ओळ आणि आजीनं सांगितलेलं तुम्ही आजच तारीख टाकून लिहून ठेवा, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सगळं. किंमत काढणाऱ्यापुढे पुस्तिकेतला क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक जुळलेला दाखवलात की बोलणं चाळीस हजारांवर राहत नाही. विकायची वेळ आलीच तर ती परवानाधारक संग्राहकाकडे जाऊ दे, आणि त्यालाही पुस्तिका बरोबर द्या, वेगळी विकू नका.

क्रमांक जुळवायला फोटो पुरत नाही, आकडे झिजलेले असतात. पतंगाचा पातळ कागद शिक्क्यावर धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलकी फिरवा. ३ आहे की ८, ते कागदावर आपोआप उमटतं. तिन्ही मुकुटही घ्या. मी लहान असताना वडील मला अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार दाखवायला न्यायचे, काचेला नाक लावून मी शिक्के शोधायचो आणि घरी येऊन आठवतील तसे वहीत काढायचो. ती वही अजून आहे. तुमचे शिक्के तीत जोडायला मला आवडेल.

आणि त्या विक्रेत्याला सांगा, गुरुवारी एक म्हातारा येणार आहे, दोरी त्याची, टिचकी त्याची, रायफल मात्र दुकानदारानं स्वतःच्या हातांनी धरायची. शाळा सुटल्यावर साडेपाचला तुम्ही या, मी सात रस्त्यापासून रिक्षानं येतो. ठाण्यातल्या त्या न वाचता आलेल्या दोन काडतुसांचा फोटो पावतीबरोबर मिळाला तर आणा. ती .५०० ची असतील तर त्यांच्या बुडावरून आजोबांनी दुनळी कधीपर्यंत वापरली, ते कळेल.

---

बाईंचा_वर्ग

काका, गुरुवारी साडेपाच नक्की. पतंगाचा कागद सिद्धेश्वर मंदिराजवळच्या दुकानात मिळाला. भाऊ पण येतो म्हणालाय. ना-हरकत पत्रावर त्यानं आज सही केली.